नंतर आले नाहीत

जोडकार्ड ही टपालखात्याची वस्तू आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डे. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरे ठेवायचे, म्हणजे उत्तर देणाऱ्याला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. लग्नकार्य, नोकरीचा अर्ज, पंचांगवाल्याला विचारलेला मुहूर्त, अशा कामांना हे कार्ड वापरत. भारतातील कर्करोग नोंदणी कचेऱ्यांनीही त्याचा पुष्कळ उपयोग केला. उपचार घेऊन गेलेला रुग्ण आज कसा आहे, एवढाच त्यात प्रश्न असे. काही कार्डे परत येत. काहींवर मृत्यूची तारीख असे. आणि बरीचशी येतच नसत. मग नोंदणीतला माणूस पत्ता शोधत घरी जाई. चाळ पाडलेली असे, खोली विकलेली असे, बिऱ्हाड गावी गेलेले असे.

अशा रुग्णांसाठी नोंदवहीत एक रकाना असतो. इंग्रजीतील ‘लॉस्ट टू फॉलोअप’ हा शब्दप्रयोग आपल्या रुग्णालयांत सर्रास चालतो. साध्या मराठीत त्याचा अर्थ, नंतर आले नाहीत.

हा रकाना दिसतो तितका निरुपद्रवी नाही. किती रुग्ण पाच वर्षे जगले हे काढण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात न सापडलेल्या रुग्णांचे पुढे तेच झाले असेल जे सापडलेल्यांचे झाले, असे गृहीत धरतात. सगळे केवळ पत्ता बदलल्यामुळे हरवले असतील तर हे गृहीत बरोबर आहे. पण पैसे संपले म्हणून उपचार सोडून गेलेला माणूस आणि उपचार पूर्ण करून गेलेला माणूस यांचे पुढे सारखेच होईल, असे कोण म्हणेल? म्हणजे ज्यांचे काय झाले हे कळणे सर्वांत महत्त्वाचे, तेच हिशेबाबाहेर राहतात आणि आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. गरिबीमुळे किती कर्करुग्ण दगावले याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही आहे. त्याचे मुख्य साधन म्हणजे कोरी जागा.

सुरुवात मात्र गरिबीतून झालेली नाही, अमाप श्रीमंतीतून झाली आहे. लेडी मेहरबाई टाटा १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पती सर दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. मेहरबाईंच्या गळ्यातला ‘ज्युबिली’ हिरा २४५ कॅरटचा होता. १९२४च्या मंदीत पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला तेव्हा या दांपत्याने आपली खासगी मालमत्ता, त्या हिऱ्यासकट, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कारखाना वाचवला. एवढ्या संपत्तीने कारखाना वाचला, पण मेहरबाई वाचल्या नाहीत. कारण त्या वर्षी त्या आजारावर जगात कुठेच, कोणत्याही किमतीला, गुण येईल असे औषध नव्हते. वर्षभरातच, ३ जून १९३२ रोजी, दोराबजी जर्मनीत बाट किसिंगेन येथे निवर्तले. त्याआधी त्यांनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास केला होता आणि उरलेली संपत्ती दुसऱ्या न्यासाला दिली होती. या दुसऱ्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले.

पुढच्या साऱ्या विवेचनाला मेहरबाईंचे हे उदाहरण पायाभूत वाटते. औषध नसते तेव्हा श्रीमंत आणि गरीब सारखेच मरतात. गरीब जरा लवकर आणि जास्त यातना सोसून, पण मरतात दोघेही. औषध सापडते, त्या दिवसापासून दोघांचे रस्ते वेगळे होतात. म्हणून कर्करोगाच्या बाबतीत पैसा आणि आयुष्य यांचे नाते सनातन नाही. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, उपचार यशस्वी होऊ लागले तसतसे घट्ट होत गेले.

१९४१ साली परळच्या रुग्णालयापाशी दोनच हत्यारे होती, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. जागा गिरणगावातली, शेजारी केईएम. तोंडाचे आणि घशाचे कर्करोग येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. रुग्णालयाचे पहिले प्रमुख विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयी आणि त्यांचा आजार यांचा मेळ घालायला सुरुवात केली. तंबाखू चघळणे, विडी आणि घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरचा सांघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काठामुळे वर्षानुवर्षे घासून होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचीही खानोलकरांनी नोंद करून ठेवली आहे. हा आजार कोणाच्या वाट्याला येतो हे या मंडळींना लवकर उमगले होते.

पण आजार कोणाला होतो हा एक प्रश्न आणि झाल्यावर कोण टिकतो हा दुसरा. किरणोपचाराचा एक स्वभाव आहे, तो थोडाथोडा, रोज द्यावा लागतो. आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. यंत्रावर जेमतेम काही मिनिटे लागतात. पण त्या मिनिटांसाठी चंद्रपूरच्या किंवा दरभंग्याच्या माणसाला दीड महिना मुंबईत राहावे लागते, बरोबर घरचे एक माणूस घेऊन. किरण फुकट मिळाले तरी मुंबईतली रात्र फुकट मिळत नाही. रुग्णालयाच्या भिंतीला लागून फुटपाथवर पथाऱ्या पसरल्या त्या यातून. त्या पथाऱ्या म्हणजे फक्त बेघरपणाचे दृश्य नव्हे. उपचाराच्या वेळापत्रकाचाच तो भाग होता.

याला उत्तर दवाखान्याने नव्हे, जुन्या धर्मशाळेच्या कल्पनेने दिले. गाडगेमहाराजांनी जे. जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली, तेव्हा तीर्थक्षेत्राचा हिशेब त्यांनी इस्पितळाला लावला. लांबून आलेल्या माणसाला देव भेटेपर्यंत टेकायला जागा पाहिजे, तशी डॉक्टर भेटेपर्यंतही पाहिजे. त्यांच्या पश्चात दादरला त्यांच्याच नावाने उभी राहिलेली धर्मशाळा आज मुख्यतः कर्करुग्णांच्या कामी येते. टाटा रुग्णालयाचे संचालक आणि विख्यात शल्यचिकित्सक, मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस १९६९ साली वारले. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि वांद्र्याला बाहेरगावच्या रुग्णांसाठी असलेल्या निवासालाही. एका शल्यचिकित्सकाचे स्मारक म्हणून राहण्याची जागाच उभारावीशी वाटली, यातच सगळे आले.

मधल्या काळात रुग्णालयाचा मालक बदलला. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. रुग्णालय आणि अणुभट्टी एकाच खात्यात, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटते. पण किरणोपचार हे त्यामागचे कारण. आणि अणुऊर्जा खात्याला पैशाची ददात नसे, हा रुग्णांच्या दृष्टीने योगायोगाचा लाभ. रुग्णालय स्वतःच सांगत आले आहे की येथे उपचार घेणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांवर जवळजवळ मोफत उपचार होतात. खासगी वर्गातल्या रुग्णांनी पूर्ण पैसे भरायचे आणि सर्वसाधारण वर्गाला त्यातून आधार, अशी ही रचना. देशाच्या इतर भागांत असे फार थोडे होते, म्हणून सारा देश परळला लोटला. मोफत उपचाराच्या जागा थोड्याच असल्या की तिथे पोहोचणे महाग होते, हे मात्र कोणाच्या हिशेबात नव्हते.

आता त्या निर्णायक वळणाकडे येतो. डिसेंबर १९४७ मध्ये बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून ते आले तिचे संशोधनप्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बराव होते. सोळांपैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. मेहरबाईंच्या मृत्यूला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेंफिसला अशा मुलांपैकी जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. आपल्याकडे १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या तीन रुग्णालयांनी अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉ. इयन मग्राथ यांच्याबरोबर एक समान उपचारक्रम घेतला, एमसीपी ८४१. औषधे जुनी, स्वस्त, इथे मिळणारी. मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी यांच्याकडे हे काम होते. पूर्वी पाचातले एखादे मूल वाचे. आता केंद्राकेंद्रानुसार शंभरातली चाळीस ते साठ मुले चार वर्षांनंतरही आजारमुक्त राहू लागली.

आणि तेव्हा ती कोरी जागा डोळ्यांत भरू लागली. हा उपचार दोन वर्षांच्या आसपास चालतो. पहिल्या काही आठवड्यांत मूल हसूखेळू लागते, ताप जातो, भूक लागते. बापाची शेतीची घाई असते, घरी आणखी लेकरे असतात, सावकाराचे पैसे संपलेले असतात. मूल तर बरे दिसते आहे. मग ते गावी जाते ते परत येत नाही. पेशी परत येतात. बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याची व्याख्याच करून टाकली, सलग चार आठवडे किंवा अधिक काळ उपचार चुकला की तो सोडला असे समजायचे. टाटा रुग्णालयात २००९च्या सुमारास साधारण पाचातले एक मूल असे उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून जात होते. औषध फसले म्हणून नव्हे. भारतातील अनेक रुग्णालयांत मुलग्यांपेक्षा मुली कमी आणल्या जातात, हेही याच वह्यांतून दिसते. त्या तर नोंदवहीपर्यंतही पोहोचत नाहीत.

२०१० साली डॉ. श्रीपाद बाणावली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी रुग्णालयातच ‘इम्पॅक्ट’ ही व्यवस्था उभी केली. पैसा, राहणे, जेवण, रक्त, शाळा, समुपदेशन, आणि तारीख चुकली की लगेच फोन. त्याआधी २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची घरे सुरू झाली होती, तिथे मूल आणि आईबाप उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहू शकतात. काही वर्षांत उपचार सोडण्याचे प्रमाण शेकडा पाचांच्या आत आले. या काळात त्या आजारावर कोणते चमत्कारी औषध आले नव्हते. खोली, गॅसची शेगडी आणि फोन यांनी मुले वाचली. वैद्यकाच्या इतिहासात याला शोध म्हणत नाहीत. मला तो मोठा शोध वाटतो.

औषधाच्या किमतीची लढाई याहून जास्त गाजली, कारण ती कोर्टात झाली. इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली आणि रक्ताच्या एका जातीच्या कर्करोगाचा रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे जगू लागला. रोज घेऊन, हे महत्त्वाचे. गोळी थांबवली की बहुतेकांत आजार परततो. नोव्हार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. पेटंटच्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ होती, १९६९ पासून रुग्णांसाठी काम करणारी संस्था. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे कंपनीचे अपील फेटाळले. कंपनीचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. भारतात तिची गोळी घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना ती देणगी योजनेतून फुकट देत होती. पण देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बाजारातली स्वस्त गोळी कोणाच्या मर्जीवर नसते.

त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०१२ मध्ये, मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला होता. १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो निर्णय कायम केला. त्यानंतरच्या दहा वर्षांत कर्करोगाच्या एकाही औषधासाठी दुसरा सक्तीचा परवाना दिला गेला नाही.

राज्य सरकार या कथेत उशिरा येते. १९४६च्या भोर समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व आरंभीच मांडले होते. महाराष्ट्रात जीवनदायी योजना आली १९९७ साली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सगळीकडे लागू झाली. पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक, कुटुंबामागे वर्षाला दीड लाख, ९७१ प्रकारचे उपचार. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. या योजनेने फार फरक पडला, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी अनेकांवरून टळली. परंतु योजना रुग्णालयाचे बिल भरते. बुडालेला रोज, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, एसटी, खाणावळ, दाखल होण्याआधीच्या तपासण्या, यांतले बरेचसे रुग्णाकडेच राहते. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण सवलत देते आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के, ही जुनी सोय या दृष्टीने अधिक शहाणपणाची आहे. तिने रुग्णाबरोबरचा माणूस ओळखला.

२०१४च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे चाळीस टक्के प्रकरणांत खर्चाचा मुख्य आधार कर्ज, मालमत्तेची विक्री किंवा नातेवाइकांची मदत हा होता. आपल्याकडे याला नाव कधीच होते, दुखण्यानं घर बसलं असे म्हणतात. अमेरिकेत २०१३ साली यूसुफ झफर आणि एमी ॲबरनेथी यांनी त्याला औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीत बसवले आणि ‘फायनान्शियल टॉक्सिसिटी’ म्हटले, जणू पैशाची विषबाधा. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदी न्यायालयीन दप्तराशी जुळवल्या गेल्या. कर्करोग झालेल्यांचे दिवाळे निघण्याची शक्यता इतरांच्या अडीच पटींहून अधिक निघाली. त्याच संशोधकांनी २०१६ साली पुढची पायरी गाठली. दिवाळे निघालेल्या कर्करुग्णांचा मृत्यूचा धोका, तशाच पण दिवाळे न निघालेल्या रुग्णांपेक्षा एकोणऐंशी टक्क्यांनी जास्त होता. येथे एक शंका घ्यायला हवी. आजार जास्त म्हणून खर्च जास्त आणि म्हणून दिवाळे, असे उलटे असू शकेल. संशोधकांनी वय, आजाराची अवस्था वगैरे जुळवून ही शंका बरीच कमी केली; पुरती फिटली असे मी म्हणणार नाही. आग्नेय आशियातल्या आठ देशांच्या २०१५च्या अभ्यासाचे निष्कर्ष तर अंगावर येतात. साडेनऊ हजार रुग्णांपैकी वर्षभरात २९ टक्के वारले, ४८ टक्के कुटुंबे आर्थिक गर्तेत गेली. जिवंत आणि सावरलेले उरले २३ टक्के.

जगलेल्या माणसाचा खर्च तर कोणी मोजतच नाही. जबड्याचा भाग काढलेला ड्रायव्हर, स्वरयंत्र काढलेला भाजीवाला, हात सुजलेली धुणेभांडीवाली. आजार गेला, पण ज्या अवयवावर पोट होते तोही गेला. ‘कॅन्सर पेशंट्स एड’च्या कार्यशाळेत असे रुग्ण पिशव्या आणि भेटवस्तू बनवतात. काम छोटे आहे, पण प्रश्न त्यांनी नेमका पकडला आहे.

संशोधनाचा एक प्रवाह याच अडचणीतून निघाला आणि तो मुख्यतः टाटा रुग्णालयाचा आहे. स्तनाच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेपूर्वी लिडोकेन हे भुलीचे साधे, स्वस्त औषध टोचले तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जाते, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सोळाशे स्त्रियांच्या चाचणीतून दाखवले. डोके-मानेच्या हाताबाहेर गेलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या एका लहान अंशात, वीस मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांबरोबर दिले, तर वर्षभर जगणारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. अशा चाचणीत कोणत्या कंपनीला रस असणार? मात्रा कमी केली की विक्री कमी. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने चाळीस औषधांची एकत्र खरेदी करून सरासरी ८२ टक्के किंमत वाचवली, तेही याच मुशीतले काम.

बार्शीला १९८७ साली डॉ. बी. एम. नेने यांच्या रुग्णालयातून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावे. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्तेच गावात जात, लोकांना लक्षणे सांगत, आणि आधी सांगितलेल्यांची विचारपूस करत. गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे हळूहळू आधीच्या अवस्थेत सापडू लागला, म्हणजे उपचारही लहान आणि खर्चही लहान. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या आजाराचे मृत्यू निम्म्यावर आले. ते निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या जिल्ह्यातल्या बहुतेक स्त्रियांची ती तपासणी आजही नेमाने होत नाही.

आणि पवईची आयआयटी व टाटा रुग्णालय यांनी मिळून मेहरबाईंच्या आजाराच्या वर्गातल्या कर्करोगांवर पेशींचा एक नवा उपचार घडवला आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात यालाच तीन-चार कोटी रुपये पडतात. इथे तीस ते चाळीस लाखांत होते. शासकीय योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे.